गेंटचा बिल्ला

कॅनडाहून आलेल्या आल्माच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं रेमी कास्तेलेन स्वतःला सांगायचा. पण राहून जायला ते पत्र म्हणजे काही बसमध्ये विसरलेली छत्री नव्हती. दीड वर्षात त्याने सतरा वेळा उत्तर लिहायला घेतलं होतं आणि सतराही वेळा दुसऱ्या ओळीवर पेन खाली ठेवलं होतं. पहिली ओळ दरवेळी नीट जमायची. पहिल्या ओळीत हवापाण्याचं असायचं.

पत्र निळ्या, पातळ विमानी कागदावर होतं आणि आता घड्यांवर फाटायला आलं होतं.

‘प्रिय रेमी,’ आल्माने लिहिलं होतं, ‘डॉक्टर आता बरं वाटेल असं म्हणत नाहीत, झोप लागते का एवढंच विचारतात. म्हणून एकदाचं विचारून टाकते. सोमवारी पहाटे आपण कोल्हेचौकातून जाणार हे दोघांनाच ठाऊक आहे, असं फिर्मिन आदल्या रात्री जेवताना मला म्हणाला होता. एक तू, दुसरा सिरील. कुणी सांगितलं? मला कुणाला कोर्टात खेचायचं नाही. नाव कळलं तरी मी ते कुणाजवळ बोलणार नाही. इतकी वर्षं मी तुम्हा दोघांवर राग धरून आहे. मरताना तो एकावरच असावा.’

फिर्मिन लाग्रू हा आल्माचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा, वाल्मेरबेक गावातला सगळ्यात वेगवान सायकलपटू. चव्वेचाळीस सालच्या फेब्रुवारीत जर्मनांनी त्याला कोल्हेचौकात धरलं आणि जर्मनीला नेलं. पुढच्या वर्षी लढाई संपली तेव्हा त्याच्याऐवजी एक टंकलिखित कागद घरी आला.

रेमीला स्वतःवर संशय घ्यायची जुनी खोड होती. घरातून निघाल्यावर गॅस बंद केलाय का ते पाहायला तो परत फिरायचा, आणि बंद दिसला तरी आपण तो खरंच पाहिला की नुसतं तसं वाटलं याची त्याला खात्री नसायची. त्यामुळे पत्र आल्यावर त्याने आधी स्वतःलाच उभं करून उलटतपासणी घेतली. आपण कुणाजवळ बोललो का? आईजवळ? पाद्रीबाबांजवळ, पापाची कबुली देताना? झोपेत? तो तेव्हा ग्रामकचेरीत कारकून होता, कचेरीत बोललो का? चाळीस वर्षांमागचा एकेक दिवस त्याने पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटून पाहिला. नाही. आपण तोंडातून शब्द काढला नव्हता. लाजाळूपणाचा आयुष्यात तेवढा एक फायदा झाला होता.

मग उरला सिरील.

आणि सिरील मासेलिसबरोबर रेमी गेली तीस वर्षं दर रविवारी सायकल चालवत होता.

त्या मार्चमधल्या रविवारी सकाळी नऊला तिघे चर्चसमोर जमले. तिसरा ओदिल देसोपर, निवृत्त खाटीक, पोटाने सुटलेला आणि तोंडाने त्याहून. सिरीलचं सायकल दुरुस्तीचं दुकान अजून चालू होतं. त्याची बोटं काळी ती काळीच, आणि बोलणं मोजकं. रेमीने मध्ये तीस वर्षं वाचनालय सांभाळलं, लग्न केलं नाही. गावात त्याला अजूनही कारकूनच म्हणत.

“कारकुना, टायरात हवा आहे ना?” ओदिलने विचारलं.

“काल पाहिली.”

“आज परत पाहिलीस की नाही? रात्रीतून गेली असेल.”

रेमीने खरंच वाकून टायर दाबलं. ओदिल इतका हसला की त्याला खोकला लागला.

ते निघाले. वारा पश्चिमेचा, समुद्राकडचा, तोंडावर येणारा. अशा वाऱ्यात एकामागे एक चालायचं असतं. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, मागच्यांनी त्याच्या आड राहायचं, आणि थोड्या वेळाने पुढच्याने बाजूला होऊन मागे यायचं. तिघांची ही पाळी न बोलता ठरलेली होती. दोन्ही बाजूंना नांगरलेली शेतं, बिअरमध्ये घालायच्या हॉपच्या वेलांसाठी रोवलेले उंच उघडे खांब, मध्येच इंग्रज सैनिकांची पांढऱ्या दगडांची एखादी दफनभूमी. विजेच्या एका खांबाच्या बुडाशी गंजलेले तीन तोफगोळे ओळीने ठेवलेले होते. पहिल्या महायुद्धातले ते गोळे दर वसंतात नांगराला लागून वर येतात. शेतकरी ते उचलून खांबाशी ठेवतो आणि लष्कराचा ट्रक कधीतरी येऊन घेऊन जातो. तिघांपैकी कुणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं ते रेमीने, पण सिरीलकडे.

दीड वर्षं तो सिरीलकडे असाच पाहत आला होता. एक गोष्ट त्याच्या आता चांगलीच लक्षात आली होती: कोल्हेचौक जवळ आला की सिरील कधीच पुढे नसायचा. पाळी असली तरी आधीच बाजूला व्हायचा. चौक लागला की मान खाली, आणि पुढच्याला घाई करायला लावेल इतका मागून रेटायचा. चौकात माता मारियाची छोटी विटांची देवळी आहे. तिथे फिर्मिनच्या नावाचा दगड आहे. फेब्रुवारीत तिथे बँड वाजतो, फुलं वाहतात, सरपंच बोलतो. सिरील त्या दिवशी हटकून आजारी असतो.

फिर्मिनची सायकल धरपकडीच्या आदल्या दिवशी सिरीलच्या बापाच्या दुकानात होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लढाई संपल्यावर दोन वर्षांत त्या दुकानाला नवं छप्पर आलं होतं. हे छप्पर रेमीला आधी कधी खुपलं नव्हतं. पत्र आल्यापासून तिकडून जाताना त्याची नजर आपोआप वर जायची. मग त्याची त्यालाच लाज वाटायची. छप्पर गळत असेल तर माणूस नवं घालणारच. पण लाज वाटून झाली की नजर पुन्हा वर जायची.

आज विचारायचं, असं त्याने ठरवलं होतं. पत्र त्याने जर्सीच्या पाठीमागच्या खिशात केळ्याजवळ ठेवलं होतं. शक्यतो केळं चिरडू नये म्हणून तो ताठ बसून सायकल चालवत होता.

टेकडी चढून झाल्यावर ते नेहमीप्रमाणे मादलेनच्या कॅफेत थांबले. मादलेनने न विचारता तीन तपकिरी बिअर आणि चीजचे तुकडे आणून ठेवले, बाजूला मोहरीची वाटी.

“ऐकलंत का,” ओदिल ओठांवरचा फेस पुसत म्हणाला, “प्रांत सायकलीचा बिल्ला बंद करणार म्हणे. पेपरात आलंय.”

“दरवर्षी येतं,” सिरील म्हणाला. सायकलीचा कर भरला की प्रांताचं नाव आणि नंबर असलेला तो पत्र्याचा बिल्ला मिळायचा, दरवर्षी नवा, हँडलखाली लावायला.

“यंदा खरंच. पण मग पोलिसांनी करायचं काय? आमच्याकडचा तो जाड्या, त्याला रस्त्यात बायको दिसली तर ओळखणार नाही, पण मागच्या वर्षीचा बिल्ला पन्नास पावलांवरून ओळखतो.”

“तुझा तरी कुठे यंदाचा आहे?” मादलेनने काउंटरमागून विचारलं.

“माझी सायकल धार्मिक आहे, बाई. बायबलातल्या जुन्या करारापुढे गेलीच नाही.” मग ओदिल रेमीकडे वळला. “या आमच्या कारकुनाला विचार. याने लढाईभर बिल्लेच वाटले. वरून बॉम्ब पडताहेत, आणि हा आपला खिडकीत: ‘पुढचा कोण? नाव सांगा. नीट सांगा, स्पेलिंगसकट.’ काय रे, खरं ना?”

“बॉम्ब पडले तेव्हा खिडकी बंद होती,” रेमी म्हणाला. मादलेन हसली. रेमीला असा विनोद वर्षातून एकदा जमायचा, आणि तो जमला म्हणून त्याने जरा आनंदाने सिरीलकडे पाहिलं.

सिरीलचा चेहरा उतरला होता. त्याने पेला टेबलावर ठेवला.

“चला,” तो म्हणाला.

“अरे, आत्ता तर बसलोय.”

“वारा वाढतोय. चला.”

पेल्यात अर्धी बिअर तशीच होती. तीस वर्षांत सिरीलने बिअर टाकून दिलेली रेमीने पाहिली नव्हती. लढाईचं नाव निघालं आणि घशाखाली उतरेना, असं त्याने मनात टिपून ठेवलं. संशय खरा ठरायला लागला की माणसाला बरं वाटायला हवं. त्याला अजिबात बरं वाटलं नाही.

ओदिलची मुलगी शेजारच्या गावात राहायची, रविवारचं जेवण तिच्याकडे. तो फाट्यावर हात करून वळला. “कारकुना, याला घरी नीट पोचव. आज याचं तोंड सशासारखं झालंय,” असं ओरडायला विसरला नाही. पुढे दोघेच राहिले. रेमी पुढे, सिरील मागे. वारा आता पाठीवर होता, आड राहायची काहीच गरज नव्हती. तरी सिरील मागेच.

कोल्हेचौकाची देवळी दिसू लागली तसा मागून साखळीचा आवाज वाढला. सिरील रेटायला लागला होता. रेमीने दोन्ही ब्रेक दाबले.

“काय झालं? पंक्चर?”

“नाही. थांब जरा.”

“इथे?”

“इथेच.”

रेमीने सायकल देवळीच्या भिंतीला टेकवली. पाठीमागच्या खिशात हात घालून त्याने पत्र बाहेर काढलं. केळ्याचा वास लागलेलं. “आल्माचं आहे,” तो म्हणाला. “वाच.”

सिरीलने कागद लांब धरला, जवळ धरला. “चष्मा नाही आणला. तूच वाच.”

हे रेमीच्या हिशेबात नव्हतं. त्याने मनात सगळं रचून ठेवलं होतं: सिरील वाचेल, गप्प होईल, आणि आपण फक्त त्याच्या तोंडाकडे पाहू. आता मोठ्याने वाचायचं होतं. तो वाचू लागला. ‘एक तू, दुसरा सिरील’ इथे आवाज फाटला. त्याने घसा खाकरून तेच वाक्य पुन्हा वाचलं, कारण नीट ऐकू आलं नसेल तर पुन्हा विचारावं लागलं असतं. पत्र संपलं. शेतातून एक टिटवी ओरडत गेली.

“कधी आलं?” सिरीलने विचारलं.

“दीड वर्ष झालं.”

“आणि आज दाखवतोस.”

“हो.”

सिरीलने देवळीच्या पायरीवर बसकण मारली. फिर्मिनच्या दगडाकडे त्याने पाठ केली होती. “म्हणजे तू माझ्यावर संशय धरून बसला होतास,” तो म्हणाला. “दीड वर्षं माझ्या पुढे सायकल चालवत होतास आणि मनात हे. बरोबर?”

रेमीने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण खोटं बोलायचाही त्याला सराव नव्हता.

“छपराकडे बघतोस ते पाहिलंय मी,” सिरील म्हणाला. “म्हटलं, याला कौलं आवडली असतील. ती आत्याच्या पैशाची आहेत, तुला ऐकायचं असेल तर. बस खाली. उभा राहिलास की पोलिसासारखा वाटतोस.”

रेमी बसला.

“कुणी काही सांगितलं नाही,” सिरील म्हणाला. “कुणी सांगायची गरजच नव्हती. तुला काय वाटतं, फिर्मिन सीमेपलीकडे कशाला जायचा?”

“तंबाखू आणायला. मला तसंच म्हणाला होता. शनिवारी भेटला तेव्हा म्हणाला, सोमवारी पहाटे कोल्हेचौकातून जातोय, तुझ्या बाबांसाठी आणू का.”

“तंबाखू आणायचाच. पण जाताना कागद न्यायचा. रेशनची कार्डं, ओळखपत्रं, लपलेल्या पोरांसाठी. नळीत गुंडाळून, सीटच्या खाली. नळी मी कापून द्यायचो. एकोणीस वर्षांचा होतो मी, बापालाही माहीत नव्हतं.” सिरीलने बोटांवरचं काळं पुसल्यासारखं केलं. ते निघणारं नव्हतं. “त्या खेपेला त्याच्याकडे खोटं ओळखपत्र होतं. शेजारच्या प्रांतातल्या गेंट शहरच्या एका विणकराचं नाव. गावोगाव फिरणारा विणकर, मावशीला भेटायला आलाय, असं सांगायचं. आता गेंटचा माणूस म्हणजे सायकल गेंटची. सायकल गेंटची म्हणजे बिल्ला त्यांच्या प्रांताचा. आपला रंग वेगळा, त्यांचा वेगळा, वर प्रांताचं नाव. म्हणून मी गेंटहून बिल्ला मिळवला. त्या वर्षीचा, खरा. रविवारी दुपारी माझ्या हाताने त्याच्या हँडलखाली लावला.”

रेमीच्या कानात वाऱ्याचा आवाज एकदम मोठा झाला. वारा तेवढाच होता.

“या समोरच्या शेतातल्या गोठ्यात व्हेर्लेंची म्हातारी धार काढत होती,” सिरील पुढे सांगत होता. “तिने सगळं पाहिलं, माझ्या बापाला सांगितलं. जर्मनाने टॉर्चच्या उजेडात ओळखपत्र पाहिलं आणि परत दिलं. ‘जा’ म्हणाला. फिर्मिनने पाय पेडलवर ठेवला. जर्मनाबरोबर आपल्याकडचाच एक शिपाई उभा होता. तो वाकला, हँडलखाली पाहिलं, आणि म्हणाला, साहेब, एक मिनिट.” सिरील थांबला. “बिल्ला आपल्या प्रांताचा होता. वाल्मेरबेकचा नंबर. गेंटचा विणकर आणि वाल्मेरबेकचा बिल्ला. कचेरी उघडल्यावर नंबर कुणाच्या नावावर, ते बघायला अर्धा तास पुरला.”

“पण तू तर गेंटचा लावला होतास.”

“लावला होता का?” सिरील म्हणाला. “तेच तर. चाळीस वर्षं मी तेच विचारतोय. कधी वाटतं लावला. स्क्रू फिरवलेला हाताला आठवतो. कधी वाटतं, त्या दिवशी मी इतका घाबरलो होतो की गेंटचा कुठेतरी ठेवला आणि त्याचा त्यालाच परत बसवला. आल्मा लढाईनंतर विचारायला आली होती. तिला काय सांगू? तुझा भाऊ माझ्या विसरण्याने गेला की नाही, ते मला आठवत नाही? मग मी तिला म्हटलं, ग्रामकचेरीतल्या सचिवाने काहीतरी केलं असेल, तो जर्मनांचा माणूस होता, पळूनही गेला. काही वर्षं तुझ्यावरही डोळा ठेवला होता मी. बिल्ले तुझ्याच खिडकीत असायचे. पण तुझ्यासारख्या माणसाने… मग ते सोडून दिलं.”

रेमीने चष्मा काढला. चष्म्याशिवाय सिरील, रस्ता, शेत सगळं एकच मातकट झालं आणि त्याला बोलणं जरा सोपं गेलं.

“रविवारी संध्याकाळी,” तो म्हणाला, “सायंप्रार्थनेच्या वेळी फिर्मिनची सायकल चर्चच्या भिंतीला लावलेली होती.”

सिरीलने त्याच्याकडे वळून पाहिलं.

“त्याने त्या वर्षीचा बिल्ला नेलाच नव्हता. जानेवारी संपला तरी आला नाही. मी त्याच्या नावाने लिहून, बाजूला काढून ठेवला होता. खिशात घेऊन हिंडत होतो, भेटला की द्यायला. त्या संध्याकाळी पाहिलं तर सायकलीवर भलत्याच प्रांताचा बिल्ला. मला वाटलं, गेंटकडून कुणाची जुनी फ्रेम घेतली असेल आणि काढायचा विसरला. तो विसरायचाच अशा गोष्टी. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो सीमेवर जाणार, तंबाखू घेऊन परत येणार. चुकीच्या बिल्ल्यापायी कुणीतरी अडवेल आणि तंबाखू सापडेल, असं मला वाटलं. म्हणून मी…”

“म्हणून तू काय?”

“बदलला. पेन्सिलीला टोक करायचा चाकू होता खिशात. नंतर सांगणार होतो त्याला. पण प्रार्थना सुटल्यावर त्याच्याभोवती मुली होत्या, माणसं होती. मला तिथे जाऊन बोलता येईना. म्हटलं, सकाळी त्यालाच दिसेल.”

“सकाळी,” सिरील म्हणाला. “पहाटे पाच वाजता. फेब्रुवारीत. दिवे बंद ठेवायचा हुकूम असताना.”

“हो.”

“आणि माझा?”

“कचेरीत जुन्या बिल्ल्यांची पेटी होती. मोडीत द्यायची. त्यात टाकला.” मग त्याने तेही सांगितलं, जे तोवर त्याने स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं. “सोमवारी दहाच्या सुमाराला दोन माणसं आली होती. सचिवसाहेबांनी मला कोळसा आणायला पाठवलं. परत आलो तेव्हा बिल्ल्यांचं रजिस्टर टेबलावर उघडं होतं. मी ते मिटून कपाटात ठेवलं. कुठल्या पानावर उघडं आहे ते पाहिलं नाही.”

“का नाही पाहिलंस?”

रेमीने विचार केला. माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. “मी प्रत्येक गोष्ट दोनदा पाहतो,” तो म्हणाला. “ते एकदाही पाहिलं नाही.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्याने दोन म्हाताऱ्यांना देवळीच्या पायरीवर बसलेलं पाहून टोपीला हात लावला. दोघांनीही मान हलवली.

“स्क्रू घट्ट होते का?” सिरीलने एकदम विचारलं.

“काय?”

“बिल्ल्याचे. चाकूने काढलेस ना. घट्ट होते का?”

“नाही. सहज निघाले.”

“मी तेल घातलं होतं,” सिरील म्हणाला. “पलीकडे पोचल्यावर त्याला अंधारात हाताने काढता यावेत म्हणून.”

तो उठला. त्याने सायकल उचलली, रस्त्यावर ठेवली. रेमीला वाटलं आता तो शिवी देईल, आणि ती घ्यायला त्याने मान खाली केली.

“म्हणजे मी लावला होता,” सिरील दगडाकडे पाहत म्हणाला. त्या दगडाकडे पाहताना रेमीने त्याला पहिल्यांदाच पाहिलं. “लावला होता मी.”

आणि तो निघून गेला. मागे वळून न पाहता, वाऱ्याबरोबर, साठीच्या माणसाला शोभणार नाही इतक्या वेगाने. रेमीने चष्मा लावला तेव्हा तो दूर हॉपच्या खांबांजवळ पोचला होता. रेमीने त्याला गाठायचा प्रयत्न केला नाही. घरापर्यंतचे सात किलोमीटर तो एकटा आला, आणि वाटेत दोनदा त्याला उतरून चालावं लागलं.

घरी आल्यावर त्याने हात धुतले, जर्सी बदलली आणि टेबलाशी बसला. पत्राला हवापाण्याची ओळ या वेळी घातली नाही. पहिला कागद त्याने भरून टाकला आणि वाचून पाहिला. त्यात लढाई होती, तरुणपण होतं, हेतू शुद्ध असूनही माणसाच्या हातून काय होतं याबद्दल अर्धं पान होतं. चांगलं लिहिलं होतं. त्याने तो फाडला. दुसऱ्या कागदात सिरीलवर आपण कसा अन्याय केला ते होतं. तेही वाचल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते आल्माला सांगायचं नाही, सिरीलला सांगायचं आहे, आणि त्याला पत्राने सांगण्यात पुन्हा तोच आपला लाजाळूपणा आहे. तोही फाडला.

तिसऱ्या कागदावर त्याने लिहिलं:

‘आल्मा, कुणी कुणाला काही सांगितलं नाही. फिर्मिन खोट्या कागदांवर गेंटचा माणूस म्हणून जात होता. सिरीलने त्याच्या सायकलीला गेंटचा बिल्ला लावून दिला होता. तो मी आदल्या संध्याकाळी, चर्चबाहेर, कुणालाही न विचारता काढला आणि आपल्या गावचा लावला. चुकीचा बिल्ला आहे म्हणून त्याला पकडतील, असं मला वाटलं. बिल्ल्याच्या नंबरावरून त्याचं खरं नाव सापडलं. ते रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात होतं. सिरीलने आपलं काम चोख केलं होतं. मला हे आज कळलं. खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं, आणि तेव्हा कळू नये अशी काळजी मी घेतली होती की काय, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. तुला एकच नाव हवं होतं. ते माझं. रेमी कास्तेलेन.’

पत्ता त्याने पाकिटावर तीनदा पडताळून पाहिला. मग एक गोष्ट मनात आली आणि तो तसाच बसून राहिला. दीड वर्ष झालं होतं. पत्र वाचायला ती असेल का? टेलिफोन करून विचारता आलं असतं. ओटावाजवळच्या त्या गावात चौकशी करता आली असती. पण चौकशी केली तर उत्तर येईपर्यंत पाकीट टेबलावर राहील, आणि टेबलावर राहिलेल्या पत्रांचं काय होतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी आठ वाजता तो घराबाहेर पडला. पोस्टाची वाट सिरीलच्या दुकानावरून जाते. दार उघडं होतं. सिरील एका चाकाच्या तारा ताणत होता. चाक त्याच्यासमोर संथ फिरत होतं. रेमी दारात थांबला.

“आज टाकतोय,” तो म्हणाला आणि पाकीट दाखवलं.

सिरीलने चाक बोटाने थांबवलं. “माझं नाव आहे त्यात?”

“आहे. तू गेंटचा लावला होतास, एवढंच.”

सिरीलने पाकिटाकडे पाहिलं, रेमीकडे पाहिलं नाही. “साडेआठला पेटी उघडतात,” तो म्हणाला आणि पुन्हा चाक फिरवलं.

“सिरील, मी तुझ्यावर…”

“आज नको. मला काम आहे.”

रेमीने मान हलवली. दुकानात एक बाई सायकल ढकलत शिरत होती. तो बाजूला झाला, तिला वाट दिली.

पोस्टाच्या भिंतीवरच्या लाल पेटीसमोर तो उभा राहिला. तिकीट पुरेसं आहे का, पाहिलं. आणखी एकदा पाहायचं मनात आलं, तेवढ्यात पोस्टमन किल्ल्या खुळखुळवत बाहेर आला.

“सुप्रभात, कास्तेलेनसाहेब. टाकायचंय का? मी उघडतोच आहे.”

“टाकायचंय,” रेमी म्हणाला. त्याने पाकीट फटीत सरकवलं आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच ठेवला.